यकृताचा रक्तपुरवठा आणि जिभेखालची गोळी

‘इतर अवयवांप्रमाणे यकृतालाही रक्त धमनीतूनच मिळते’ हे नेहमी ऐकू येणारे विधान अर्धेच बरोबर आहे. यकृत धमनीचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. उरलेले सुमारे ७५ टक्के रक्त जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून यकृत निवाहिका शिरेवाटे येते. म्हणजे पचलेल्या अन्नातील ग्लुकोज आणि अमिनो आम्ले हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृताच्या पेशींसमोरून जातात, आणि ग्लायकोजेनचा (ग्लुकोजच्या साठवणीच्या रूपाचा) साठा करणे किंवा अमोनियापासून युरिया तयार करणे ही कामे यकृताकडे का आहेत, हे या रचनेवरूनच उलगडते. (स्निग्ध पदार्थांचा बराच भाग मात्र लसिकावाहिन्यांतून (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांतून) जातो आणि यकृताचा हा जकातनाका टाळतो.)

सहसा चर्चेत न येणारा मुद्दा औषधांचा आहे. गिळलेले औषधही याच वाटेने येते आणि काही औषधांचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत निष्प्रभ करून टाकते. माझ्या वडिलांना हृदयविकारामुळे सॉर्बिट्रेट ही छातीतील दुखण्यावरची गोळी जवळ बाळगावी लागे, आणि छातीत दुखू लागल्यास ती गिळायची नाही, जिभेखालीच ठेवायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते केवळ गोळी लवकर विरघळावी म्हणून असावे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात जिभेखालच्या शिरांतील रक्त यकृताला वळसा घालून ऊर्ध्व महाशिरेतून (शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेतून) सरळ हृदयाकडे जाते, त्यामुळे औषध यकृताच्या तावडीत सापडण्याआधीच कामाला लागते.