घोड्यांचा पाळणा: मुळात लढाई की नुसता थाट?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा): पुसेगावच्या यात्रेतल्या घोड्यांच्या पाळण्याला सगळे पोरखेळ समजतात. माझ्या मते ती घोडदळाची कवायत आहे. अशा पाळण्याला इंग्रजीत कॅरोसेल म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ ‘छोटी लढाई’ असं देतात. अरब-तुर्क स्वार दौडत्या घोड्यावरून एकमेकांवर अत्तर भरलेले मातीचे गोळे फेकायचे, ते पाहून हा खेळ युरोपात गेला म्हणतात. पुढं टांगलेल्या कड्यातून भाला काढायचा सराव आला, आणि त्यासाठी मधल्या खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे केले. तोच आपला पाळणा.

कृष्णाकाठ (सांगली): दादा, गोष्ट झकास, पण ‘छोटी लढाई’ मागाहून चिकटवलेली वाटते. नेपल्सच्या बोलीत कारुसिएल्लो म्हणजे मातीचा गल्ला. जत्रेत कुंभार मांडून बसतो तोच: गोल पोट, वर एक फट, फोडल्याशिवाय रुपया देत नाही. फेकायचे गोळे तसलेच, म्हणून खेळाला ते नाव. काही जण तर इटालियन ‘कारो’शी, म्हणजे गाड्याशी नातं लावतात. लढाई कुठं आली?

अजिंक्यतारा_पायथा: गोळे घोड्यावरूनच फेकायचे ना? मग लढाईच की! आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं काय? युवराज जन्मला म्हणून १६६२च्या जूनमध्ये त्यानं पॅरिसात तुइलरी राजवाड्यापुढं कॅरोसेल, म्हणजे घोडेस्वारांच्या खेळांचा सोहळा, भरवलं. पाच पथकं: रोमन, इराणी, तुर्क, भारतीय, अमेरिकन. रोमनांच्या पुढं राजा स्वतः. त्या चौकाला आजही कॅरोसेलचंच नाव आहे.

माणदेशी_मेंढका: म्हणजे इकडं शाइस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसलेला, आणि तिकडं फ्रेंच सरदार ‘भारतीय’ होऊन पिसं लावून मिरवतायत! यात लढाई कसली राव? १५५९ला त्यांचाच राजा दुसरा हेन्री अशाच खेळात भाल्याची कपच डोळ्यात घुसून मेला. मग समोरासमोरची धडक मागं पडली. लुईचे स्वार भाले चालवत होते ते कड्यांवर आणि खोट्या मुंडक्यांवर. लढाई काढून टाकली तेव्हा कुठं कॅरोसेल उरलं.

मिरज_जंक्शन: तिघांनीही पाळणा कुठल्या बाजूला फिरतो ते बघितलं नाही. ब्रिटनमध्ये तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, कारण स्वार घोड्यावर डावीकडून चढतो आणि तशी डावी बाजू बाहेर येते. अमेरिकेत उलटा. तिथं उजवा हात बाहेरच्या बाजूला मोकळा राहतो, आणि फिरता फिरता पितळी कडं उपटायचा खेळ त्याच हातानं चालायचा. भाला गेला तरी कडं टिकलं, एवढं साताऱ्याच्या दादांचं मानावं लागेल. पोरखेळ व्हायला मात्र वाफेचं इंजिन लागलं, १८६०च्या सुमारास, इंग्लंडच्या जत्रांत.

अजिंक्यतारा_पायथा: बघा, कडं मान्य केलंत! कड्याला भाला लागतो, भाल्याला स्वार. मी एक पाऊल मागं घेत नाही.

माणदेशी_मेंढका: नका घेऊ. विमानतळावर बॅगा फिरतात त्या पट्ट्यालाही कॅरोसेलच म्हणतात. दिवाळीच्या गर्दीत पुण्याला उतरा, तिथं तुमची छोटी लढाई मिळंल.