मत्स्यालयाचा वार्षिक पास पुन्हा काढावा का?

मालवणची_मेधा
आम्ही अटलांटात असतो. जॉर्जिया ॲक्वेरियमचा वार्षिक पास संपत आलाय. नवरा म्हणतो, "काढून टाक, पोरगी तरी खूश." लेक सात वर्षांची, तिचा तर तिथे मुक्काम ठोकायचा बेत असतो. घोडं माझं अडलंय.

तिथल्या सगळ्यात मोठ्या टाकीत दोन कोटी लिटरहून जास्त पाणी आहे. त्यात व्हेल शार्क, म्हणजे सगळ्यात मोठा मासा, ठेवतात. डोक्यावरून ते ठिपक्यांचं अंग सरकायला लागलं की माझी बोलती बंद होते (आणि मी गप्प बसणारी बाई नव्हे). मग घरी येऊन वाचलं. मत्स्यालय २००५ साली उघडलं, व्हेल शार्क तैवानहून विमानाने आणले. त्यातले राल्फ आणि नॉर्टन २००७ मध्येच मेले. ट्रिक्सी २०२० ला, ॲलिस २०२१ ला. समुद्रात हजार मीटरच्याही खाली बुडी मारणारा हा जीव, आणि टाकीची खोली जेमतेम नऊ-दहा मीटर. तैवानच्या मासेमारीच्या कोट्यातलेच घेतले, नाहीतर बाजारात गेले असते, असं सांगतात. ते खोटं नाही, पण मला पुरत नाही. तुम्ही काय कराल?

खवय्या_७२
ताई, पापलेट खाता ना? मग हे अश्रू कशाला?

मालवणची_मेधा
खाते, आणि डोकंही चोखते. पण पापलेटाला नाव ठेवून, त्याची टी-शर्टं विकून, वीस वर्षं गोल फिरवत नाही.

सॅनहोजेकर
सगळी मत्स्यालयं एका मापाने मोजू नका. आमच्याकडच्या कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या मत्स्यालयात पाणी थेट उपसागरातून येतं. दिवसा गाळून सोडतात, म्हणजे लोकांना स्वच्छ दिसतं; रात्री न गाळता, म्हणजे त्यातले बारीक जीव टाकीतल्यांच्या पोटात जातात. आई गमावलेली समुद्री पाणमांजराची पिल्लं तिथे सांभाळ करणाऱ्या माद्यांकडे देतात आणि मोठी झाली की परत समुद्रात सोडतात. मी त्यासाठी पैसे मोजतो. तुमच्याकडचंच सांगायचं तर, रशियात पकडलेले १८ बेलुगा (पांढरे देवमासे) आणायला त्यांनी परवानगी मागितली होती, ती सरकारने २०१३ मध्ये नाकारली. पुढे २०१५ मध्ये कोर्टातही ते हरले. लोक बोलले म्हणूनही थोडंफार हललं असेल.

मिरकरवाडा_बंदर
मेधाताई, व्हेल शार्क बघायला एवढ्या लांब कशाला, आमच्या जाळ्यात येतो! पूर्वी गुजरातकडे तेलासाठी मारायचे, ते तेल होड्यांना लावायचे. २००१ पासून कायद्याने संरक्षण आहे. इकडे महाराष्ट्रात २०१८ पासून योजना आहे: जाळं कापून जिवंत सोडला, त्याचा फोटो-व्हिडिओ काढला, की नुकसानभरपाई, जास्तीत जास्त २५ हजार. माझ्या ओळखीच्या एका तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) सोडलाय. म्हणाला, जाळं गेल्याचं वाईट वाटलं, पण शेपटी मारून निघाला तेव्हा होडीवरची सगळी पोरं ओरडली.

आणि एक सांगतो, लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं नसतं तर 'मासा' म्हणजे टोपलीतला, एवढंच ठाऊक असतं मला. आता तेही बंद. म्हणून पोरीला अजिबात नेऊ नका, असं मी म्हणणार नाही.

मालवणची_मेधा
तांडेलाची गोष्ट लेकीला वाचून दाखवली. तिने विचारलं, त्या माशाचं नाव काय ठेवलं? नाही ठेवलं म्हटल्यावर नाराज झाली.

पास काढत नाहीये. तिच्या वर्गाची सहल जाईल तेव्हा जाऊ दे, मी आड येणार नाही. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. डिसेंबरात गावी येतोय. मिरकरवाडा, तुमच्या रत्नागिरीतल्या झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे ना? सोमवारी उघडं असतं का ते?