शाळेच्या काउन्सेलरनी एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी असूनही लिहिण्या-वाचण्यात अडचण) टेस्ट करायला सांगितलीय, करू का?

ठाण्याची_आई: मुलगा चौथीत, स्टेट बोर्ड, इंग्लिश मीडियम. तोंडी विचारा, धडाधड सांगतो, पण वही उघडली की बोंब, 'बी'च्या जागी 'डी', फळ्यावरचं उतरवताना अर्ध्या ओळी गायब. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या टेस्ट करून घ्या. घरी सासूबाई पेटल्यात, पोरगं काय वेडं आहे का म्हणून. मला भीती वेगळीच, एकदा शिक्का बसला की बसला. आणि टेस्ट ह्या मॅडमच का नाही घेत, मग त्या शाळेत करतात काय?

खडूफळा: मी रिसोर्स टीचर आहे, शाळेत अशा मुलांना वेगळं शिकवणं हेच माझं काम. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, कधीकधी नुसता चष्माच लागलेला असतो. काउन्सेलरचं काम म्हणजे वर्गात बसून मुलाला बघणं, बाईंशी बोलणं, पुढे कुठे जायचं ते सांगणं. आयक्यू आणि लेखन-वाचनाच्या टेस्ट ट्रेनिंग घेतलेले सायकॉलॉजिस्ट करतात, आणि बोर्डाच्या सवलतींना (परीक्षेत जादा वेळ वगैरे) सरकारी सर्टिफिकेटच लागतं (मुंबईत सायन, नायर हॉस्पिटलला एलडीची तपासणी होते), प्रायव्हेट रिपोर्टवर भागत नाही. सासूबाईंना सांगा, बुद्धी कमी असेल तर त्याला एलडी म्हणतच नाहीत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एलडी आहे, म्हणजे सवलत हा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

निवांत_बाबा: आमच्याकडे एक काउन्सेलर आणि शाळा भलीमोठी, ऑफ पिरियडला त्यांनाच वर्गावर पाठवतात. जरा मस्तीखोर पोरगं दिसलं की एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा)! डोळे झाकून विश्वास ठेवू नका, काय काय दिसलं ते लिहून मागा.

सुमी७: लिहून मागा हे बरोबर, पण टाळू नका हो. माझ्या मुलीला दहावीला जादा वेळ मिळाला, खूप फरक पडला. तरी खरं काम रेमेडियलनंच (अडतं तिथे वेगळ्या पद्धतीनं घेतलेली खास शिकवणी) झालं, सर्टिफिकेट हातात आलं म्हणून कुणी वाचायला लागत नाही. तारीख मिळायला महिने जातात, तोवर रेमेडियल चालू करा, त्याला कागद लागत नाही.

ठाण्याची_आई: डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली. रेमेडियलला वर्गातून उठवून नेतात का, पोरं चिडवतील ना?

खडूफळा: बऱ्याच शाळा तसंच करतात. शाळा सुटल्यावरची वेळ मागा, आणि गणिताच्या तासाला तर अजिबात पाठवू नका, एक सुधारताना दुसरं मागे पडतं.