ईआयए कन्सल्टन्सीत सामाजिक बाजूचं काम मिळतंय. घेऊ की नको?

डिचोलीची पोर

मंडळी, सल्ला हवाय. समाजशास्त्रात एम.ए. केलं, दोन वर्षं शिकवण्या घेतेय. आता पणजीतल्या एका कन्सल्टन्सीने बोलावलंय. प्रकल्पांचे पर्यावरण आघात अहवाल (म्हणजे ईआयए) करणारी मंडळी आहेत, सामाजिक बाजूला माणूस हवाय. गावात फिरून प्रश्नावल्या भरायच्या आणि मग ऑफिसात बसून अहवालातलं त्याचं प्रकरण लिहायचं.

अडचण घरचीच आहे. बाबांचा ट्रक खाणीवर होता. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी शाळेत होते. ट्रक अंगणात उभा राहिला, पावसात टायरांत पाणी साचायचं आणि डास व्हायचे, एवढं नीट आठवतंय. मग 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. त्यामुळे आमच्याकडे ‘पर्यावरण’ म्हटलं की बाबा जेवणावरून उठतात. उलट आजीच्या शेतात खाणीचा गाळ उतरायचा. तिचं म्हणणं, हे अहवाल करणारे सगळे कंपनीचे. म्हणजे मी गेले तर दोघांनाही नकोशी. कोणी आतलं आहे का इथे?

फिल्टरपेपर

मी हवेच्या टीममध्ये चार वर्षं होतो. काम म्हणजे कोणाच्या तरी छपरावर धुळीचं यंत्र चढवायचं आणि चोवीस तास चालवायचं. आठवड्यातून दोन दिवस, असे बारा आठवडे. फिल्टर आधी वजन करून नेतो, नंतर पुन्हा वजन. डिचोली-सांखळी पट्ट्यात तो कागद काढला की वीट दळून ओतल्यासारखा लाल.

एकदा एका घरी सकाळी गेलो तर यंत्र बंद. वहिनी म्हणाली, रात्रभर घरघर, बाळ झोपेना, म्हणून अकराला बटण बंद केलं. तिचं काय चुकलं? वीजही तिचीच. ऑफिसला फोन केला तर साहेब म्हणाले, ‘लिही चोवीस, कोण बघतंय.’ मी सोळा लिहिले आणि तो दिवस बाद धरून परत गेलो. डिझेलचे पैसे माझ्या पगारातून कापले. जा, पण हे माहीत असू दे.

मानशीवरची माई

अकरा वर्षं काढली मी यात, सगळी सामाजिक बाजूला. आता बाहेर आहे, म्हणून मोकळं लिहिते. फिल्टरपेपरने सांगितलं ते प्रश्नावलीतही होतं गो बाय. तिथे यंत्रही नसतं, नुसतं पेन.

आधी पैशाचं. अहवाल प्रकल्पवाल्याने करून द्यायचा, असंच 2006 च्या अधिसूचनेत आहे. म्हणजे आपली फी तोच देतो. आजी चुकीचं बोलत नाही. हे ठाऊक ठेवूनच गाडीत बस. टीममध्ये हवा, पाणी, आवाज, भूजल, जैवविविधता, जमीन वापर असे प्रत्येकाचे नाबेटने (तज्ज्ञांना मान्यता देणारी संस्था) मान्य केलेले तज्ज्ञ असतात, वर एक समन्वयक. तू आधी मदतनीस. सामाजिकवाल्यांना गाडीत मागची सीट आणि अहवालात मागचं पान, हे धरून चाल.

आता खरं काम. पहिल्याच वर्षी आमची प्रश्नावली बाहेरच्या राज्यातून छापून आली होती. रकाना: घर स्वतःचं की भाड्याचं. एक म्हातारी म्हणाली, ‘घर म्हजें, जमीन भाटकाराची.’ आमच्यातल्या परराज्यातल्या मुलाने ‘भाड्याचं’वर खूण केली. तिला वाचता येत नव्हतं, पण पेन कुठे टेकलं ते तिने पाहिलं. ‘भाडें कोणाक दितां रे हांव?’ मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीवर स्वतःचं घर करून राहणारा, हे त्याला सांगायला मला अर्धा तास लागला. 1975 चा मुंडकार कायदा आहे, घरातून हुसकता येत नाही, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला गोव्याचा जमिनीचा उतारा) तिचं नाव कधी ‘इतर हक्क’मध्ये, कधी कुठेच नाही. उतारा बघून यादी केली तर ती बाधितांत येतच नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमीन नसलेलं, पण तिथे तीन वर्षं काम करून पोट भरणारं कुटुंबही बाधित धरलंय. ते यादीत आणायचं तर कोणीतरी दारात जाऊन विचारलं पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे तू. कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची जमीन, खाजनातली (खाडीकाठच्या बांधलेल्या शेतातली) मानस, म्हणजे पाण्याचं दार, लिलावात घेऊन मासे धरणारा, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) शिंपणाला येणारी बाई, यांच्यासाठी छापील रकाना कधीच नसतो. कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं. माझे अर्धे अहवाल मागच्या बाजूवर उभे राहिले.

बायकांना नवऱ्यासमोर विचारू नकोस. पाणी कुठून आणता हे नवऱ्याला विचारलंस तर ‘नळ आहे’ म्हणतो. मेमध्ये नळाला फुंकर येते आणि ती झरीवर जाते, हे तीच सांगेल, आणि तेसुद्धा झरीवरच.

झरीवरून आठवलं. जनसुनावणीच्या आधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. आमच्या ऑफिसने तो मराठीत करायला कुठल्याशा भाषांतरवाल्याकडे पाठवला, माझ्या नजरेखालून न घालता. सुनावणीत एका शाळामास्तरांनी उभं राहून वाचलं: ‘प्रकल्पक्षेत्राच्या पायथ्याशी तीन वसंत ऋतू आढळले.’ इंग्रजीत स्प्रिंग होतं! मंडप हसून हसून लोटपोट. पुढे मास्तर शांतपणे म्हणाले, ‘आमचे तीन झर तुम्हाला मोजता आले, ते कोण पितं ते कुठे लिहिलंय?’ मग कोणी हसलं नाही. मी व्यासपीठाच्या मागे खुर्चीवर बसले होते आणि लिहिलेलं तर होतं माझ्याकडे, कागदाच्या मागच्या बाजूला.

त्या झरींचं पाणी सड्याचं, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठाराचं. आणि सड्याचं काय होतं बघ. बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीची नोंद, एका ऋतूची, पावसाळा सोडून. मग टीम मार्चमध्ये जाते. सडा काळा, गवत जळलेलं, पायाखाली करकर. अहवालात येतं, ‘पडीक, झाडोरा विरळ.’ तोच सडा ऑगस्टमध्ये बघ. सीतेची आसवं निळी-जांभळी पसरलेली, गेंदांचे पांढरे ठिपके, खळग्यांत बेडकांची पिल्लं, आणि जांभ्यातून झिरपणारं पाणी खाली कुळागरात जातंय. मी जुलैत स्वखर्चाने गेले, मोबाईलवर फोटो काढले, समन्वयकाला दिले. त्यांनी कुरकुरत एक परिच्छेद घातला. अहवाल तपासणाऱ्या समितीत नेमका त्यावरच प्रश्न आला आणि प्रकल्पाचा आतला रस्ता झरीच्या डोक्यावरून बाजूला गेला. प्रकल्प काही थांबला नाही हं. रस्ता सरकला.

पगाराचं नीट ठरवून घे. बूट स्वतःचे घे, ऑफिसचे चावतात.

पेडणेकर उगवे

माई, चांगलं लिहिलंत, पण त्या पोरीला अर्धंच सांगू नका. आमच्या पेडण्यातल्या मोप विमानतळाचं आठवा. 2015 ला पर्यावरण मंजुरी. 29 मार्च 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, कारण पहिल्याच अर्जात माहिती दडवली होती. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन. विमानं माझ्या घरावरून जातात. कोर्टाने कान उपटले तरी धावपट्टी झालीच. मग तुमचा परिच्छेद कोणाला हवाय?

मानशीवरची माई

पेडणेकर, खरं आहे. पण न्यायालयाने कान कशावरून उपटले? अर्जात आणि अहवालात काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही, यावरूनच ना? कोर्टात गेलेल्यांच्या हातात तोच कागद होता. धावपट्टीचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमची झोपमोड मी भरून देऊ शकत नाही.

आणि सुनावणीला जाता ना? तीस दिवस आधी नोटीस निघते, सगळं चित्रित होतं, आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत तिथेच वाचून दाखवायचं असतं. ते वाचेपर्यंत कोणी थांबत नाही. जेवायची वेळ झालेली असते.

पेडणेकर उगवे

गेल्या वेळी मीच जेवायला उठलो होतो. कबूल.

डिचोलीची पोर

माई, फिल्टरपेपरदादा, देव बरें करूं. मुलाखत सोमवारी आहे. सारांशाचं मराठी कोण तपासतं, हे पहिलं विचारणार, आणि मुंडकाराचा रकाना आहे का हे दुसरं. रात्री बाबांना वाचून दाखवलं हे सगळं. वसंत ऋतूला हसले. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘खाण बंद झाली तेव्हा ट्रकवाल्याच्या घरी कोण प्रश्नावली घेऊन आलं होतं?’ मी म्हटलं, कोणीच नाही. आजी आतून ओरडली, ‘माझ्या शेतातही नाही!’

मानशीवरची माई

मग तुझी पहिली दोन घरं ठरली गो. वही घे, दोघांचं वेगवेगळं बसून लिही, एकमेकांसमोर नको.