तक्रारदाराचं नाव उघड आणि तपासणीचा अहवाल गुप्त, हे कसं?

सिडकोची गृहिणी
दिवाळीत इथे नाशिकमध्ये आणलेला पेढा टाळूला मेणासारखा चिकटला. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली, नमुना नेला गेला. त्याच संध्याकाळी दुकानदाराचा फोन, "ताई, आधी मला सांगायचं ना!" माझा नंबर फक्त अर्जावर होता. तीन महिन्यांनी माहिती अधिकारात अहवाल मागितला, तर दोन ओळींचं उत्तर आलं: कलम 8(1)(ज), तपास सुरू आहे. गुप्तता पाळायची तर आधी तक्रारदाराची पाळा. अन्न विश्लेषकाला अहवालासाठी कायद्याने 14 दिवस दिलेत. तेवढं मी थांबते. पण त्यानंतर लपवायचं कशाला?

मेन रोडचा दुकानदार
फोन करायलाच नको होता, मान्य. पण अहवाल विरोधात गेला तरी दुकानदाराला 30 दिवसांत अपील करता येतं, नमुना फेरतपासणीसाठी रेफरल प्रयोगशाळेत जाऊ शकतो. त्याआधीच तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर? आमच्या शेजाऱ्याचा नुसता नमुना घेतानाचा फोटो फिरला. ऐन सणात खवा टाकून द्यावा लागला. पुढे नमुना पास झाला, ते कुणीही फिरवलं नाही. अंतिम निकालापर्यंत गुप्तता हवीच.

पंचवटीतला वकील
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. छाप्याआधी बातमी फुटली की माल रातोरात हलतो, तिथे गुप्तता हवी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आधी प्राथमिक चौकशी करतं, तथ्य दिसलं तर महासंचालक किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तपास. पण इथे नमुना कधीच हाती आलाय. "तपास सुरू आहे" एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही. ती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितलंय. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेलं देता येतं. ताई, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील टाका.

मेन रोडचा दुकानदार
आणि तक्रार कोणी केली ते आम्हाला कळूच नये? धंद्यातले लोक खोट्या तक्रारी टाकून एकमेकांचा काटा काढतात.

सिडकोची गृहिणी
दादा, मी निनावी नव्हते. सही, पत्ता, सगळं दिलं होतं, ते कार्यालयाला. खोटी असेन तर त्यांनी मला बोलवावं. नमुना पेढ्याचा तपासायचा होता, त्यात माझा नंबर तुमच्या हाती कशाला? आमच्या बिल्डिंगमधल्या दोघी आता म्हणतात, आम्ही नाही बाई सही करणार. 2027 च्या सिंहस्थात लाखो लोक इथून प्रसाद घेऊन जातील, तेव्हा तक्रार करायला कोण पुढे येणार? शेजाऱ्यांचा नमुना पास झाला, तो निकाल खात्यानेच जाहीर केला असता तर त्यांचंही नुकसान भरून निघालं असतं.

मेन रोडचा दुकानदार
पास झाल्याचं जाहीर व्हावं, हे पटलं. नापासचं मात्र अपिलाची मुदत संपल्यावरच.

सिडकोची गृहिणी
चालेल, माझ्या तक्रारीतल्या नमुन्याची तर ती मुदतही उलटून गेली असणार. माहिती अधिकारातलं माझं अपील आज टाकलं. अहवालासोबत आणखी एक मागितलंय: माझा अर्ज कोणाकोणाच्या हातून गेला, त्याची तारीखवार नोंद.