अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलल्याने खरंच काही फरक पडतो का?

निळीछत्री:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. मागच्या महिन्यात हॉस्पिटलच्या रांगेत उभी होते, आई आत, रिपोर्ट यायचे होते, माझा चेहरा पार उतरलेला असणार, तर मागच्या बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा, नंबर आला की मी हाक मारते." ना नाव विचारलं ना काय झालंय ते. पण मला एकदम भरून आलं हो. आणि गंमत म्हणजे घरी जाताना बसमध्ये एका मुलाला सुट्टे कमी पडत होते तर मी पटकन काढून दिले, एरवी मी खिडकीबाहेर बघत बसले असते. त्या बाईंमुळेच झालं असं मला वाटतं. तुमचं असं होतं का? आणि मला स्वतःहून बोलायला जमतच नाही, समोरच्याला वाटेल ही कशाला चोमडेपणा करतेय. त्याचं काय करायचं?

दुपारचीझोप:
होतं, अगदी होतं. आणि चोमडेपणाची भीती तुम्हाला एकटीला नाहीये. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी शिकागोमध्ये रोज ट्रेनने जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केला होता, २०१४ मध्ये छापून आला. काहींना सांगितलं शेजारच्याशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा, काहींना म्हणाले रोजच्यासारखंच जा. ज्यांना नुसतं "बोललात तर कसं वाटेल" असं विचारलं त्यांना वाटलं असा प्रवास सगळ्यात कमी छान जाईल, पण जे खरंच बोलले त्यांचा प्रवास सगळ्यात छान गेला. मुळात बऱ्याच जणांना वाटत होतं की समोरच्यालाच बोलायचं नाहीये, म्हणजे दोघंही तयार आणि दोघंही गप्प! २०१८ मध्ये अजून एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की गप्पा संपल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच धरतात. मी हे वाचल्यापासून बोलायला लागलो, आधी नाही.

कोपऱ्यातलीखुर्ची:
वरचं सगळं मान्य, पण एक बाई म्हणून सांगते, हसून बघितलं की त्याचा भलताच अर्थ काढणारेही भेटतात, मी त्यातून गेलेय. म्हणून मध्ये तीन-चार वर्षं मी रस्त्यात कोणाकडे बघतच नव्हते आणि खरं सांगू, फार एकटं वाटायचं. आता मी माझ्यापुरतं ठरवलंय, आजूबाजूला माणसं असतील तिथेच बोलायचं, समोर जे दिसतंय त्याच्यावरच बोलायचं, घरदार नोकरी विचारायची नाही. कानात हेडफोन असेल किंवा उत्तर एका शब्दात आलं की तिथेच थांबायचं. आणि कधी बोलावंसं नाही वाटलं तर नाही बोलायचं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. निळीछत्री, तुमच्या त्या बाईंनीही बघा ना, काही विचारलं नाही, सरळ हातभार लावला. मला तर तेच सगळ्यात भावलं.

खिडकीनंबर३:
मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो म्हणून इकडची बाजू सांगतो. दिवसभर लोक कानाला फोन लावून कागद पुढे सरकवतात, मान वर करत नाहीत, त्यांचंही चुकत नाही, रांगेत वैतागलेले असतात. पण दुपारनंतर माझाही आवाज चढलेला असतो, मला ऐकू येतो तो. अशात एक आजोबा आले, छातीवरची पट्टी वाचून मला नावाने हाक मारली आणि म्हणाले, सकाळपासून बसलायत, पाणी प्यायलात का? बस्स. त्यांच्यानंतरच्या मुलीचा फॉर्म चुकला होता, एरवी मी म्हटलं असतं नवीन भरून परत रांगेत या, त्या दिवशी तिला पेन दिला आणि खिडकीतच दुरुस्त करून घेतला. तिच्या नंतरच्यांशीही नीट बोललो. त्या आजोबांना यातलं काहीच माहीत नाही. तुमच्या त्या बाईंना तरी बसमधला मुलगा कुठे माहितीये?

निळीछत्री:
सगळ्यांचे खूप आभार, खिडकीनंबर३ तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. एक सांगायचंय. आज लिफ्टमध्ये एक काकू भलीमोठी कुंडी घेऊन उभ्या होत्या, रोज दिसतात पण कधी बोललो नाही. मी धीर करून म्हटलं, किती छान वाढलंय हो. माझा मजला आला तरी दोघी दार अडवून बोलत होतो, शेवटी लिफ्ट पीं पीं करायला लागली. रविवारी मला फांदी देणार आहेत.