‘वाडा चिरेबंदी’ पुन्हा उभा केलाय खरा, पण लोक हसतात कशाला?

तिसरी घंटा

परवा ‘वाडा चिरेबंदी’ पाहून आलो. दोन दिवस डोकं भणभणतंय, म्हणून लिहितोय. महेश एलकुंचवारांचं हे नाटक विजया मेहतांनी १९८५ साली बसवलं तेव्हा मी चौथीत होतो. ते हुकलं ते हुकलंच. २०१४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी नव्या संचात परत आणलं, तेव्हाही आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलो. आता मावशीला घेऊन गेलो. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माहेर अकोल्याकडचं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विदर्भातल्या देशपांड्यांचा जुना वाडा. घरचे कर्ते तात्याजी वारलेत, मुंबईहून धाकटा सुधीर बायकोला घेऊन आलाय. तेरावं थाटात करायचं तर पैसा कुठून आणायचा, यावरून घरात धुसफूस. थोरला भास्कर किल्ल्या सांभाळून आहे, प्रभा बिनलग्नाची माडीवर, चंदू गड्यासारखा राबतोय. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलाय, जाणारायेणारा त्याला ठेचकाळतो. आणि दादीला मुलगा गेल्याचं भान नाही, ती त्याला हाका मारत असते.

तर रात्रीचा प्रवेश. वहिनी, म्हणजे भास्करची बायको, पिढीजात दागिने काढते आणि एकेक करून सगळे अंगावर चढवते. तिला सून म्हणून आल्यापासून ते कधी धड घालायलाच मिळालेले नाहीत. बाई रंगमंचावर नुसती उभी आहे, सोन्याने मढलेली, सुतकाच्या घरात. माझ्या अंगावर काटा आला. आणि आमच्या पुढच्या रांगेतून आवाज, ‘‘अगं बाई, आजच्या भावाने किती होतील गं?’’ झालं, चार रांगा हसल्या.

माझी तक्रार प्रेक्षकांवर अर्धी आणि प्रयोगावर अर्धी आहे. ओळखीचा चेहरा आला की टाळी, मग नटही क्षणभर थांबतो, मग दुसऱ्या वाक्याला हशा येईल अशा बेताने तो टाकतो. नाटक जुनं म्हणून आदराने बघायचं आणि मालिकेतली माणसं म्हणून लाडाने बघायचं, या दोन्हींमध्ये एलकुंचवारांची शांतता चेंगरून गेली. असं पुनरुज्जीवन नकोच, असं माझं मत झालंय. संहिता वाचा आणि गप्प बसा.

मधली रांग

साफ असहमत. एलकुंचवार म्हटलं की तोंड पाडून बसायचं, हा नियम कुणी केला? त्या घरात बोलणं जे चालतं ना, टोमणे, कुजकट विचारपूस, ‘तुम्ही मुंबईचे बापा, तुमाले काय’ छापाचं, ते ऐकून हसू येणारच. सुतकाच्या घरी कधी गेला नाहीत का? आमच्याकडे आजोबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी दोन काका वरणात मीठ कोणी जास्त घातलं यावर भांडत होते आणि आम्ही पोरं तोंडात पदर कोंबून हसत होतो. रडणं-हसणं एका वेळी चालतं. नाटककाराने तेच पकडलंय. हसू आलं म्हणजे प्रयोग फसला, हे मोजमाप चुकीचं आहे.

आणि भाव विचारणाऱ्या बाईंबद्दल. त्या दागिन्यांकडे बघून भास्करच्या मनात दुसरं काय चाललंय? बाईंनी भास्करचीच भूमिका केली, तिकीट काढून.

तिसरी घंटा

@मधली रांग, शेवटचं वाक्य मान्य आहे, पण तेवढंच.

काहून बे

मी अमरावतीचा. मले वेगळंच बोलायचं आहे. मराठी नाटकात वऱ्हाडी बोलणारा माणूस कोण असतो? नोकर, नाहीतर विनोदी मामा. ‘काहून’ म्हटलं की पुण्या-मुंबईत पिटात हशा. या नाटकात अख्खं घर आमच्या बोलीत भांडते, रडते, हिशेब करते. पहिल्यांदा बाबांसोबत बसून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, हे तर आपल्या घरचं टेप करून आणलं. म्हणून परत परत झालंच पाहिजे हे नाटक.

पण गोची अशी की नट शहरचे. शब्द पाठ आहेत, हेल नाही. आमच्याकडे वाक्याच्या शेवटी आवाज थोडा खाली टेकतो, हे लोक वर उडवतात. ‘येऊन राह्यलो’ म्हणताना ‘राह्यलो’वर जोर देतात. आमच्याकडे ते निघून जाते पटकन, त्याच्यावर कोणी थांबत नाही. थांबलं की ते गमतीचं होते, आणि मग धागाकर्त्यांनी म्हटलेला तो हशा येते. म्हणजे हशाचं कारण प्रेक्षक नाहीत, हेल आहे.

आणखी एक. सुधीर घरच्यांशी बोलताना वऱ्हाडीत शिरतो आणि बायकोकडे वळला की प्रमाण मराठीत येतो. एका वाक्याच्या अंतरात. त्याची सगळी ओढाताण त्यातच आहे. मी पाहिलेल्या प्रयोगात हे वळण इतकं सफाईदार होतं की दिसलंच नाही. तिथे अडखळायला पाहिजे.

प्रॉम्प्टर

हेलाचा मुद्दा लाखमोलाचा. त्यात माझी भर: लेपल माइक, नटाच्या कपड्यांना टाचलेला. पूर्वी वर टांगलेले नाहीतर पुढे ठेवलेले माइक असायचे, नटाला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागायचा. नाटकातली आई कुजबुजली तर तुम्ही पुढे झुकून ऐकायचात. आता कुजबुज आणि आरडाओरडा सारख्याच उंचीने स्पीकरमधून येतात, आणि साडीचा पदर घासला की खरखर. वाड्याच्या कोपऱ्यातून येणारी दादीची हाक खरं तर लांबून, अंधारातून आली पाहिजे. ती माझ्या डाव्या कानात आली. वाडा एवढा मोठा उभा केलाय आणि आवाज मात्र वन रूम किचनचा.

बांधावरचा

सगळ्यांचं वाचलं. आता जरा कडू बोलतो.

माझे आजोबा अशाच एका वाड्याचे कूळ होते. गाव सांगत नाही. वाड्याच्या दारात चपला काढून अंगणात उकिडवं बसायचं, पाणी वरून ओंजळीत. विदर्भाचा कूळकायदा १९५८ चा, आमच्या सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली. ज्या दिवशी चढलं त्या दिवशी आजीने पुरणाचा स्वयंपाक केला होता, हे बाबा अजून सांगतात. म्हणजे तुमच्या नाटकात ज्याला पडझड म्हणतात, ते आमच्या घरी पुरण होतं.

मी नाटक पाहिलं, नटांचं काम चोख. पण तीन तास मी एकच शोधत होतो: ही जमीन कसतं कोण? बोलणारी सगळी माणसं देशपांड्यांच्या घरातली. बाहेरचा एक माणूस उंबऱ्यात येऊन ‘मालक’ म्हणत नाही. आणि पडदा पडल्यावर माझ्या शेजारचे गृहस्थ रुमालाने डोळे पुसत म्हणतात, ‘‘काय वैभव होतं हो.’’ कुणाचं? अशा रुमालांसाठी जुनी नाटकं परत आणायची असतील तर मला त्यात रस नाही.

मधली रांग

@बांधावरचा, तुमच्या रागाला मी काही उत्तर द्यायला जाणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण संहितेच्या बाजूने एक सांगतो. नाटक त्या वैभवावर डोळे पुसत नाही, डोळे पुसणारे गृहस्थ पुसतात. भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर दागिने घेऊन पळते, पोरगी परत येते, सोनं येत नाही. ज्या सोन्यावर घराण्याचा सगळा ताठा होता ते एका रात्रीत फुस्स. ट्रॅक्टर घेतला, चालवायची अक्कल आणि पैसा दोन्ही नाही, तर तो अंगणात रुतून बसला. यात वैभवाची आरती कुठे आहे? आणि कसणारा माणूस दिसत नाही म्हणता, तर चंदूकडे बघा. घरचाच मुलगा, पण त्याला गडी करून टाकलाय. त्याच्या पायाची जखम चिघळत जाते आणि कुणाला डॉक्टर आठवत नाही.

बांधावरचा

चंदू पटला. खरंच पटला. पण बघा, गड्याचं दुःख दाखवायलासुद्धा देशपांड्यांचाच मुलगा लागला.

काहून बे

हे घ्या. आता बोला.

सदाशिव ते सिडको

मी १९९४ साली ‘आविष्कार’ नाट्यसंस्थेची त्रिनाट्यधारा पाहिली आहे, याच घराण्याची तीन नाटकं, ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ एकापाठोपाठ. दिग्दर्शक हेच, चंद्रकांत कुलकर्णी. डबा घेऊन गेलो होतो, दिवस आतच गेला. त्या अनुभवावरून म्हणतो की ‘वाडा’ एकटं पाहिलं की त्यावर हा अन्याय होणारच. एकटं पाहिलं तर ते एका घराच्या उतरणीचं नाटक वाटतं, रुमाल वगैरे निघतात. ‘युगान्त’मध्ये गाव ओस पडलेलं, दुष्काळ, पाणी नाही, आणि परदेशातून आलेला सुधीरचा मुलगा अभय आणि इथेच राहिलेला भास्करचा मुलगा पराग समोरासमोर. तिथे वाडा कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. @बांधावरचा, शक्य झालं तर तिसरा भाग वाचा. मत बदलेल असं नाही, पण भांडण वेगळ्या जागी जाईल.

अवांतर: तेव्हा मोबाइल नव्हते. आता दर वीस मिनिटांनी पुढच्या रांगेत निळा उजेड. त्याला मात्र दिग्दर्शक काय करणार!

उंबरठा ओलांडून

इतके प्रतिसाद झाले आणि प्रभाचं नाव धाग्याच्या पहिल्या पोस्टीनंतर एकदाही आलं नाही. ‘बिनलग्नाची माडीवर’, संपलं. छान.

प्रभाला शिकायचं होतं, अमरावतीला जायचं होतं. वडिलांनी पाठवलं नाही. आता वय निघून गेलंय, बोलणं तिखट झालंय, आणि घरात ती कुणाच्याच हिशेबात नाही. भावांचे वाटे, वहिन्यांचे दागिने, आईचा मान, सगळ्यावर भांडण होतं. प्रभाचा वाटा या विषयावर होत नाही.

कुणी म्हणेल की म्हणूनच नाटक जुनं झालं, आता कायदा आहे. आहे ना. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क, त्यातही आधी लग्न झालेल्या वगळून. देशभर २००५ पासून. मी तलाठी कार्यालयाच्या आवारात अर्ज लिहून देण्याचं काम सात वर्षं केलंय. वडील वारले की वारस म्हणून मुलींची नावं चढतात आणि काही महिन्यांत हक्कसोडपत्र येतं. ‘प्रेमापोटी व राजीखुशीने’ हे शब्द छापीलच असतात. बहीण एकटी येत नाही, भावाच्या गाडीतून येते. सही झाली की भाऊ रसवंतीवर नेतो. एकदा एक बाई माझ्या टेबलाशी बसून राहिली, पेन हातात, आणि विचारलं, ‘‘नाही केली तर माहेर राहील का?’’ मी काय सांगणार होते? तिने सही केली. रस पिऊन गेली.

तेव्हा धागाकर्ते, संहिता वाचा आणि गप्प बसा म्हणता, ते जमणार नाही. संहिता वाचणारे आपण दोनशे. मी पाहिलेल्या प्रयोगाला अर्ध्याहून जास्त बायका होत्या, मालिकेतली नटी बघायला आलेल्या. येऊ देत. टाळ्या वाजवू देत. प्रभा बोलायला लागली तेव्हा त्यातल्या एकीनेही हू की चू केलं नाही. कुठे हसतात ते तुम्ही मोजलंत, कुठे हसत नाहीत तेही मोजा की.

प्रॉम्प्टर

रसवंती वाचून थांबलो. माइकबद्दलचं माझं पुराण मागे घेत नाही, पण तूर्त बाजूला ठेवतो.

बांधावरचा

@उंबरठा ओलांडून, आमच्या आजोबांच्या नावावर जी जमीन चढली तिच्यावर आज बाबा आणि दोन काका आहेत. आत्या तीन. यापुढे लिहीत नाही.

तिसरी घंटा

आधी कबुली. ‘पुनरुज्जीवन नकोच’ हे वाक्य तावातावात लिहिलं, ते मागे. लाडाचा थांबा आणि हशाचा बेत यांवर मात्र मी ठाम आहे. प्रभाच्या वेळी लोक गप्प होते तर वहिनीच्या वेळीही ठेवता आले असते, ती ताकद दिग्दर्शकाकडे आहे.

दुसरं. मध्यंतरात मावशी खुर्चीतून उठली नव्हती. बटाटावडा आणून दिला, तो तसाच कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं गुडघे. काल @उंबरठा ओलांडून यांचा प्रतिसाद वाचून फोन केला आणि विचारलं, तू सही केली होतीस का गं? म्हणाली, ‘‘केली की. दादाने नारायणपेठ घेतली होती. रंग गेला पहिल्याच धुण्यात.’’ मग म्हणाली, पुढचा प्रयोग कुठे आहे ते बघ, सुनंदाला घेऊन जायचंय. सुनंदा म्हणजे तिची धाकटी बहीण, माझी आई.

तर जाणकारांना प्रश्न: माइकची खरखर चुकवायची तर कुठली रांग धरावी? दोघींनाही कमी ऐकू येतं.

प्रॉम्प्टर

पाचवी ते आठवी, मधल्या वाटेला लागून. स्पीकरच्या समोरची टोकाची जागा घेऊ नका. आणि तिकीट खिडकीवर घ्या, पायऱ्या किती ते विचारता येतं.

काहून बे

अन् त्या दोघी घरी आल्यावर काय बोलतात ते इथं लिहा. हेलासकट.